उघड्यावर चालताना शेजारून कोणी खोकत गेलं तर कोरोना होतो का? – साताऱ्यातल्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. हे उत्तर जुलै २०२१ मध्ये लिहितोय. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुम्ही सोळा महिन्यांत पहिल्यांदाच, गेल्याच्या गेल्या रविवारी सकाळी अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्याला फिरायला गेलात, मास्क लावून. वरून एक पोरगा पळत आला, मास्क नाही, धापा टाकत होता, अगदी हातभर अंतरावरून गेला आणि नेमका तुमच्या शेजारी येऊन खोकला. तुम्ही तिथूनच माघारी फिरलात, घरी येऊन डेटॉल घालून आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, आणि नंतर पाच दिवस वरच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलंत, दिवसातून वीस-वीस वेळा ऑक्सिमीटर. आई ६८ वर्षांच्या, शुगर आहे, लसीचे दोन्ही डोस झालेत, तरी मार्च २०२० पासून गेटबाहेर पाऊल नाही, आणि यंदा एप्रिलमध्ये टीव्हीवर ‘कोरोना हवेतून पसरतो’ हे ऐकल्यापासून त्यांनी घराच्या खिडक्याही लावून घेतल्यात. त्याच एप्रिलमध्ये तुमचे मामा गेले. आणि आता विचारताय की त्या पोरामुळे मला झाला असेल का, आणि यापुढे बाहेर पडावं की नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो म्हणजे आज रात्री झोप लागेल. नाही, झालेला नाही असंच समजा. लागण झाली तर लक्षणं साधारण २ ते १४ दिवसांत दिसतात, बहुतेकांना पाचव्या-सहाव्या दिवसाच्या आसपास. तुमचे नऊ दिवस झाले, ना ताप, ना घसा, ना अंगदुखी, वास-चव जागेवर. तुमच्या तोंडावर मास्क होता. तो पोरगा शेजारून गेला त्याला दोन सेकंद लागले असतील, तेवढ्यात तुम्ही फार तर एक श्वास घेतलात. आणि त्याला कोरोना होता असं तरी कुठे आहे, चढावर पळणारा माणूस खोकतोच, तोंडाने गार हवा ओढली की घसा कोरडा पडतो. ऑक्सिमीटर आता कपाटात ठेवून द्या, ताप-खोकला आला तरच काढायचा, तोही दिवसातून तीन-चारदा पुरे.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल, कारण तुमच्या घरात जे चाललंय ते मी या वर्षभरात कमीत कमी पन्नास घरांत बघितलंय. मी साताऱ्यात २६ वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करतोय, दोन्ही लाटांत दवाखाना उघडा ठेवला होता, आणि माझं अगदी ठाम मत झालंय की लोकांनी चुकीच्या जागेची भीती घेतली. उघड्या रस्त्याला घाबरले आणि बंद खोलीत निर्धास्त बसले.

घोळ त्या ‘हवेतून’ या शब्दाने केलाय. १५ एप्रिल २०२१ ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये काही शास्त्रज्ञांनी लिहिलं की हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो याचे भक्कम पुरावे आहेत, आणि ३० एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या माहितीत तसा बदल केला. आपल्याकडे बातम्यांच्या पट्टीवर एवढंच आलं की ‘कोरोना हवेतून पसरतो’. आता साधा माणूस काय समजणार? हवा म्हणजे बाहेरची हवा, वारा, तो वाऱ्यावर उडत येणार आणि खिडकीतून घरात शिरणार. म्हणून तुमच्या आईंनी खिडक्या लावल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, सांगणाऱ्यांनी अर्धं सांगितलं. त्या शास्त्रज्ञांचं म्हणणं असं होतं की बंद जागेत माणसाच्या श्वासातून, बोलण्यातून निघालेले अगदी बारीक कण हवेत तरंगत राहतात, साठतात, म्हणून ती हवा बाहेर जाऊ द्या, खिडक्या उघडा. आईंनी नेमकं उलटं केलं, आणि त्यांच्यासारखं हजारो घरांत झालं असणार.

हे नीट कळायचं असेल तर आपल्या स्वयंपाकघरात या. सुक्या लाल मिरचीची फोडणी घातली की काय होतं? दार-खिडकी बंद असेल तर फोडणी स्वयंपाकघरात आणि ठसका बाहेरच्या खोलीतल्या माणसाला, पाच मिनिटांत अख्खं घर खोकतं, आणि कढई उतरवली तरी दहा-पंधरा मिनिटं डोळे चुरचुरत राहतात. तीच फोडणी शेतावर उघड्या चुलीवर घाला. घालणाऱ्या बाईला ठसका लागेल, अगदी शेजारी वाकून बसलेल्याला लागेल, चार हात लांब बाजेवर बसलेल्याला नुसता वास येईल आणि बांधावरच्याला पत्ताही लागणार नाही. मिरची तेवढीच, तेल तेवढंच. फरक एवढाच की एका ठिकाणी धुराला जायला जागा नाही आणि दुसऱ्या ठिकाणी वर अख्खं आभाळ आहे. श्वासाचं अगदी तसंच आहे, फक्त तो दिसत नाही आणि ठसका पाच दिवसांनी लागतो.

आता जरा आकडे सांगतो. खोकताना-शिंकताना जे मोठे थेंब उडतात ते जड असतात, पाच-सात सेकंदांत खाली पडतात, म्हणून सुरुवातीला सहा फुटांचा नियम आला. पण बोलताना आणि नुसता श्वास सोडतानाही अगदी बारीक कण निघतात, पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दीड मीटर उंचीवरून खाली यायला स्थिर हवेत अर्धा तास घेतो, त्याहून बारीक असेल तर कित्येक तास. म्हणजे बंद खोलीतून पेशंट उठून गेला तरी त्याचा श्वास तिथेच असतो. आणि आता उघड्यावरचं बघा, अगदी मंद वारा, ज्याने झाडाचं पान जेमतेम हलतं, तोही सेकंदाला एक मीटर जातो, म्हणजे मिनिटात साठ मीटर. तुम्ही बुटाची नाडी बांधून उभ्या राहीपर्यंत त्या पोराचा श्वास खालच्या वळणापर्यंत गेलेला असतो, आणि तोही इतका पातळ होऊन की त्याने काही व्हायचं नाही. आजार व्हायला विषाणूंचा काही एक डोस लागतो, एखाददुसऱ्या कणाने सहसा भागत नाही, आणि तो डोस साठायला लागतात तीन गोष्टी: जवळ असणं, वेळ, आणि न हलणारी हवा. शेजारून पळत जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत जवळ असणं झालं पण बाकीच्या दोन नाहीत.

हे मला कोरोनात पहिल्यांदा कळलं असंही नाही. आम्हा लोकांना टीबीने हे आधीच शिकवलं होतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी शेवटी अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलमध्ये टीबीच्या वॉर्डातली हवा पाइपाने वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगच्या पिंजऱ्यांत सोडली होती. ते प्राणी कुठल्याही पेशंटच्या जवळ गेले नव्हते, फक्त ती हवा घेत होते, आणि त्यांना टीबी झाला. ज्या पिंजऱ्यांत जाणारी हवा आधी अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालून नेली त्यांतल्यांना झाला नाही. टीबीचे जुने सॅनेटोरियम पाचगणी-मिरजेकडे का बांधले, तिथे मोठमोठे व्हरांडे आणि खिडक्या का असायच्या, पेशंटच्या खाटा उघड्यावर का टाकायचे, यामागे मोकळ्या हवेवरचाच विश्वास होता. माझ्याकडे आजही टीबीचा पेशंट आला की गोळ्या लिहून द्यायच्या आधी मी विचारतो, घरात खिडकी किती आणि कुठे. आणि तरी खरं सांगतो ताई, मार्च-एप्रिल २०२० मध्ये मी स्वतः पेशंटना सांगत होतो की फिरायला जाऊ नका, घरात बसा. सगळीकडून तेच येत होतं, रस्त्यांवर फवारे मारत होते, बागा बंद होत्या, आणि मीही घाबरलो होतो. त्याचं मला वाईट वाटतं, कारण त्यातल्या काही म्हाताऱ्या माणसांचे पाय तेव्हा जे बसले ते परत उठले नाहीत.

मग पुरावे यायला लागले. चीनमध्ये जानेवारी-फेब्रुवारी २०२० मधल्या सात हजारांहून जास्त केसेसची माहिती तपासली, त्यात तीन किंवा जास्त लोकांना एकत्र लागण झाल्याचे ३१८ प्रकार मिळाले, आणि ते सगळे बंद जागेतले निघाले. उघड्यावर लागण झाल्याचा एकच प्रसंग सापडला, दोन माणसं उभी राहून बोलत होती त्यांच्यातला. जपानी संशोधकांनी सुरुवातीच्या ११० केसेस बघून अंदाज काढला की बंद जागेत दुसऱ्याला लागण देण्याची शक्यता उघड्यापेक्षा जवळजवळ १९ पट. म्हणूनच जपानने लोकांना तीन गोष्टी टाळायला सांगितल्या, बंद जागा, गर्दी आणि जवळून बोलणं. आयर्लंडमध्ये २४ मार्च २०२१ पर्यंत दोन लाख बत्तीस हजार केसेस झाल्या होत्या, त्यातल्या उघड्यावरच्या गोष्टींशी जोडता आल्या फक्त २६२, हजारात एक, आणि त्याही बहुतेक बांधकामाच्या साइट आणि खेळ-व्यायामाशी संबंधित, म्हणजे जिथे तीच माणसं तासन् तास एकत्र असतात. यावर कोणी म्हणेल, रस्त्यावर अनोळखी माणसाकडून झाला तर तो शोधणार कसा, नोंद कशी होणार. बरोबर आहे, खरा आकडा जास्तच असेल. दहापट धरा. तरी शंभरात एकच होतो.

आणि दुसऱ्या बाजूला काय, तर अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० ला एका गायनमंडळाची प्रॅक्टिस होती, हॉलमध्ये, ६१ माणसं, अडीच तास गाणी. एकाला सर्दीसारखं वाटत होतं. त्याच्यासकट ५३ जणांना कोरोना झाला, दोघं गेले. हस्तांदोलन नाही, मिठ्या नाहीत, सॅनिटायझर दाराशीच ठेवलेला. आपल्याकडच्या भजनी मंडळाचं चित्र डोळ्यासमोर आणा, देवळाचं दार थंडीमुळे ओढून घेतलेलं, पंधरा माणसं मोकळ्या आवाजात गातायत. मला विचाराल तर त्या एका बैठकीत जेवढा धोका आहे तेवढा तुम्ही वर्षभर रोज अजिंक्यताऱ्याला गेलात तरी होणार नाही.

माझ्या दवाखान्याचंच सांगतो. तपासायची खोली दहा बाय बारा, एक खिडकी, ती रस्त्याच्या आवाजामुळे कायम बंद, आणि एसी. सप्टेंबर २०२० मध्ये माझ्या कंपाउंडरला झाला, मग मला. आम्ही दोघंही मास्क घालत होतो, हात धुवून धुवून कातडी गेली होती. बरा झाल्यावर एका इंजिनियर मित्राने कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं मशीन आणून दिलं, मोबाइलएवढं असतं. कल्पना अशी की माणूस श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यामुळे खोलीत तो जितका वाढला तितकी तुम्ही दुसऱ्याने सोडलेली हवा परत ओढताय. बाहेर गच्चीवर आकडा आला ४१५, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४१५ भाग. दवाखान्यात दार-खिडकी लावून, एसी चालू, आम्ही चार माणसं, पाऊण तासात १७०० च्या वर गेला. मी त्या आकड्याकडे बघत बसलो. एवढे महिने मी त्या खोलीत दिवसाला चाळीस पेशंट बघत होतो आणि काळजी कशाची करत होतो तर टेबल पुसलं का नाही याची. त्याच दिवशी खिडकी उघडली, समोरच्या भिंतीत वर भोक पाडून एक्झॉस्ट फॅन बसवला, एसी बंद केला. वारा खरंच जातोय का बघायला देवघरातली उदबत्ती आणून खोलीच्या मधोमध लावली. आधी धूर सरळ वर जाऊन छताखाली चादरीसारखा पसरून राहायचा, फॅन लावल्यावर तो तिरका होऊन खिडकीकडून फॅनकडे ओढला गेला आणि दिसेनासा झाला. मशीनवर आकडा ६०० च्या आसपास स्थिरावला. उन्हाळ्यात पेशंट आणि मी दोघं घामाने निथळत होतो, पण दुसऱ्या लाटेत, एवढे पॉझिटिव्ह पेशंट खोलीत येऊन गेले तरी स्टाफपैकी कोणाला झाला नाही. लसही मिळाली होती आम्हाला, तिचा वाटा आहेच, पण त्या फॅनचाही आहे असं मी मानतो.

हा उदबत्तीचा प्रयोग आईंच्या समोर त्यांच्याच खोलीत करा. आधी खिडक्या बंद ठेवून, मग उघडून. मी पंधरा मिनिटं समजावून जे होत नाही ते त्याने होतं, अनुभव आहे.

आणखी एक केस सांगायलाच पाहिजे, कारण ती फिरायला जाणाऱ्यांचीच आहे. चार मित्र, साठीच्या पुढचे, माझे जुने पेशंट, पहिल्या लॉकडाऊननंतर रोज पहाटे ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत चालत जायचे, गप्पा मारत, मास्क हनुवटीवर. तोवर कोणाला काही नाही. मार्च २०२१ मध्ये चौघं एका गाडीतून कोल्हापूरला गेले, ऊन होतं म्हणून काचा वर, एसी, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलेलं. अडीच तास. त्यातल्या एकाचा घसा आदल्या दिवसापासून खवखवत होता. आठवड्याच्या आत बाकीच्या तिघांपैकी दोघं पॉझिटिव्ह, एकाला नऊ दिवस ऑक्सिजन लागला. घरच्यांचं म्हणणं काय, तर ‘सांगत होतो पहाटे बाहेर जाऊ नका म्हणून’. गाडीचं कोणाच्या मनातच आलं नाही.

आता याचा अर्थ उघड्यावर कसंही वागा असा नाही, दुसऱ्या लाटेतला कोरोनाचा डेल्टा हा प्रकार आधीच्या विषाणूपेक्षा बराच जास्त पसरतो हे आपण एप्रिल-मेमध्ये भोगलंय. उघड्यावर धोका कुठे असतो ते डोळे उघडे ठेवून बघा. फिरून झाल्यावर चहाच्या टपरीपाशी पाच-सहा जणांचं कोंडाळं, मास्क खाली, तोंडासमोर तोंड, वीस मिनिटं राजकारण, हा धोका आहे, वर आभाळ असलं तरी. मंडईत खांद्याला खांदा लावून भाव करणं, एसटीच्या दारातली रेटारेटी, सभा, मिरवणूक, कुंभमेळ्यासारखी गर्दी, इथे वारा असला तरी दोन नाकांच्या मधून वाहायला त्याला जागा नसते. आणि लग्नाचा मांडव, तीन बाजूंनी कनाती आणि वर ताडपत्री, याला लोक ‘ओपन लॉन’ म्हणतात, ती बंद खोलीच आहे. जुलै २०२१ च्या निर्बंधांत सकाळी ५ ते ९ एवढीच फिरायला मुभा होती, त्यामुळे झालं असं की सगळं गाव सहा ते सातच्या मध्ये त्या एकाच रस्त्यावर. माझं मत विचाराल तर दिवसभर मोकळं ठेवलं असतं तर माणसं आपोआप पांगली असती. ती गर्दी टाळायला तुम्ही साडेपाचला निघा किंवा आठनंतर.

तुम्ही लिहिलंय की पळणाऱ्याच्या मागे दहा मीटरपर्यंत कण राहतात असं व्हॉट्सॲपवर चित्र बघितलं होतं. ते एप्रिल २०२० चं, बेल्जियम-नेदरलँड्समधल्या इंजिनियरांनी कंप्युटरवर केलेलं काम. ते खोटं नाही, पण त्यात वारा अजिबात नाही असं धरलं होतं, आणि थेंब कुठे जातात एवढंच दाखवलं होतं, त्याने कोणी आजारी पडतं का हा त्यांचा विषयच नव्हता. रंगीत चित्र होतं म्हणून फिरलं. तसंच मे २०२१ मध्ये केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने पत्रक काढलं, त्यातला ‘बारीक कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात’ एवढाच भाग लोकांनी उचलला आणि अजून घाबरले, खरं तर त्या पत्रकाचा मोठा भर दारं-खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा यावर होता. आणि रेलिंगला हात लागला, गेटची कडी लागली, याचं म्हणाल तर अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलंय की अशा पृष्ठभागांवरून लागण व्हायची शक्यता साधारण दहा हजारांत एकापेक्षाही कमी. घरी आलं की साबणाने हात धुवायचे, झालं. डेटॉलची आंघोळ नको, तुमची कातडी फाटेल. उन्हाचाही फायदा आहे, कडक उन्हासारख्या प्रकाशात लाळेच्या थेंबातले ९० टक्के विषाणू सातेक मिनिटांत निकामी होतात असं अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत दिसलंय, पण सकाळी सहाला, त्यात आषाढातल्या ढगांत तेवढं ऊन नसतं, म्हणून आपण भरवसा वाऱ्यावर ठेवायचा, आणि साताऱ्यात वाऱ्याला तोटा नाही.

पावसाचं मुद्दाम लिहितो कारण आत्ता तोच मोठा प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे झड आत येते म्हणून खिडक्या बंद, ओले कपडे आत, सगळी माणसं आत. ज्या बाजूने पाऊस येतो ती बंद ठेवा, पण मागची, आडोशाची उघडी राहू द्या, चार बोटं उघडली तरी चालेल. वरची झडप असेल तर तिच्यावरचा पुठ्ठा काढा. छताचा पंखा आतलीच हवा ढवळतो, त्याने काही बाहेर जात नाही, त्यापेक्षा टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेवला तर तो हवा बाहेर ढकलतो. आणि फिरताना मास्क भिजला की त्यातून श्वासही जात नाही आणि गाळतही नाही नीट, म्हणून एक कोरडा मास्क प्लॅस्टिकच्या पिशवीत खिशात असू द्या. रस्ता मोकळा असेल तर मास्क खाली घेतला तरी चालतो, माझी हरकत नाही, समोरून घोळका येताना दिसला की वर घ्यायचा आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेने जायचं. कोणी बोलायला थांबलं तर वर घ्यायचा आणि चालता चालता बोलायचं, तोंडासमोर उभं राहून नको.

आता आईंचं. त्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) लॉकडाऊनच्या आधी ७.१ होती, तुम्ही लिहिलेला परवाचा रिपोर्ट ९.४ आहे. जमिनीवरून उठताना आता हात धरावा लागतो असंही तुम्ही लिहिलंय. ताई, कोरोनाने त्यांना अजून हात लावलेला नाही, पण या सोळा महिन्यांच्या बसण्याने लावलाय. या वयात मांड्यांचं मांस एकदा गेलं की परत आणायला फार कष्ट पडतात, आणि मांड्यांत ताकद नसली की माणूस बाथरूममध्ये पडतो, आणि खुबा मोडला की पुढचं मी सांगायला नको. शिवाय शुगर चढलेली असताना कोरोना झालाच तर तो जड जातो, म्हणजे कोरोनाच्या भीतीने घरात बसून आपण कोरोनासाठीच शरीर कच्चं करून ठेवतोय. दोन्ही डोस झालेत, त्यामुळे झाला तरी गंभीर व्हायची शक्यता खूप कमी झालीय. त्यांना सर्वात जास्त धोका आहे तो तुमच्याकडून, घरात येणाऱ्या पाहुण्यांकडून, बंद हॉलमध्ये शेजारी बसून तास-तास टीव्ही बघणाऱ्यांकडून. पाहुणे आले तर ओसरीवर बसवा, चहा तिथेच द्या, वाईट वाटायचं कोणाला काही कारण नाही.

आणि तुमची भीती. मामांना शेवटचं बघताही आलं नाही असं तुम्ही लिहिलंत. एवढं झाल्यावर शेजारी कोणी खोकलं आणि छातीत धडधडलं, हात गार पडले, तर तुमच्यात काही बिघाड आहे असं नाही. माझ्याकडे गेल्या तीन महिन्यांत धडधडतंय म्हणून आलेल्यांपैकी निम्म्यांचे ईसीजी नॉर्मल होते आणि जवळजवळ सगळ्यांच्या घरातलं किंवा जवळचं कोणीतरी गेलेलं होतं. ही भीती समजावून जात नाही, पायाने जाते, थोडी थोडी. उद्या दोघी फक्त गच्चीवर जा, दहा मिनिटं. परवा गेटपर्यंत, तिथे उभं राहून येणारी-जाणारी माणसं बघायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत, आई तुमच्या हाताला धरून, काठी घेऊन. कोणी शेजारून गेलं आणि धडधडलं तर पळत घरी यायचं नाही, तिथेच थांबायचं, कठड्याला टेकायचं, श्वास सावकाश सोडायचा, दोन-तीन मिनिटांत ते उतरतं, आणि उतरल्यावर मग पुढे चार पावलं टाकून मागे फिरायचं. घाबरलेल्या अवस्थेत माघारी फिरलं की भीती पक्की होते, उतरल्यावर फिरलं की सैल होते. दोन आठवड्यांनीही रात्री झोप लागत नसेल, मामांचंच डोक्यात फिरत असेल, तर मला न लाजता सांगा, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवतो, त्यात कमीपणा काही नाही.

आईंना अजिंक्यताऱ्याचा चढ आत्ता नको, गुडघे धरतील. सपाट रस्त्यावर रोज दहा मिनिटांपासून सुरू करा, दर चार दिवसांनी दोन-तीन मिनिटं वाढवा, आणि निघायच्या आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, पाच वेळा, जमेल तसं दहा. चपलेऐवजी पट्ट्याची सँडल, शेवाळलेल्या फरशीवरून नको. शुगरच्या गोळ्या घेऊन उपाशी चालायचं नाही, अर्धी पोळी खाऊन निघायचं, खिशात दोन पेढे किंवा साखरेची पुडी. महिन्याने उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर करून रिपोर्ट घेऊन या, येताना रिक्षाचे पडदे वर करून बसा, आणि माझ्याकडे आत थांबायची गरज नाही, बाहेर ओट्यावर पत्र्याखाली खुर्च्या टाकल्यात, तिथे बसा, नंबर आला की हाक मारतो.